मुदत संपलेलं अपडेट

सकाळपासून पाच वेळा सीडी घातली आणि पाचही वेळा कॉम्प्युटरनं तेच सांगितलं: या अपडेटची मुदत संपली आहे. संपली कशी? कालच ऑफिसातून आणलेली नवी कोरी सीडी! १९९९चा डिसेंबर सुरू होता. अख्ख्या राजाजीनगरात आमच्याच कॉम्प्युटरला दोन हजार साल झेपणार नाही की काय, या विचारानं माझं डोकं तापलं होतं. त्यात आठवडाभर अण्णांचा अबोला. मी मल्हारशी लग्न करायचं म्हटल्यावर माझे हे वडील एवढंच बोलले होते, "नागपूरचा मुलगा नको. विषय संपला."

सहाव्यांदा सीडी घालताना सहज पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माऊस नेला. तारीख दिसली, १३ फेब्रुवारी २०००!

सापडलं! कॉम्प्युटर दोन महिने पुढं पळाला होता, म्हणून त्याला माझं अपडेट शिळं वाटत होतं. मी ओरडलेच, "अण्णा! तारखेला हात कुणी लावला?"

अण्णा पेपर वाचतच दारात आले. "मी लावला. तुझ्या त्या पंचांगाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त आजचंच दिसतं. पुढचा मुहूर्त बघायचा तर तारीख स्वल्प पुढं ढकलायला नको?"

"मुहूर्त? कसला मुहूर्त?"

पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "रविवार आहे तो. मल्हारला विचार, नागपूरच्या लोकांना जमेल का."