पट्टीने ओढलेली रेघ

“नीट बघ ना रे. असेल तिथेच कुठेतरी,” मतदान केंद्रातल्या टेबलावर वाकून मावशी म्हणाली.

टेबलामागच्या कारकुनाने मतदारयादीवरून तिसऱ्यांदा बोट फिरवलं. खरं तर फिरवायची गरज नव्हती. मावशीचं नाव कितव्या पानावर आहे आणि त्याच्यावर काय आहे, हे त्याला पाठ होतं. लाल शाईची सरळ रेघ, पट्टी धरून त्यानेच ओढलेली.

पालिकेच्या कचेरीत त्याला सगळे फूटपट्टीच म्हणत. साधी रजेची चिठ्ठी लिहिली तरी हा गृहस्थ सहीखाली पट्टीने रेघ ओढणार! नाव चेष्टेने पडलं होतं, पण त्याला ते मनापासून आवडायचं. पुलापलीकडून आलेल्या माणसाला कचेरीत याहून वाईट नावं पडतात, आणि सुरुवातीला ती त्याने ऐकलीही होती.

पुलापलीकडे त्याची माणसं राहायची. संख्येने थोडी, देवाला हाक मारायची रीत वेगळी, म्हणून अलीकडच्यांच्या लेखी कायमची उपरी. पण त्यांची मतं एकगठ्ठा पडत आणि निवडणूक तिथेच फिरे. मोठ्या साहेबांना ते खुपायचं. साहेब जुन्या वळणाचे. ज्याने त्याने आपापल्या पायरीवर राहावं, म्हणजे जगाची घडी विसकटत नाही, असं ते अगदी मायेने समजावून सांगत. यादी तपासायचं काम निघालं तेव्हा त्यांनी फूटपट्टीला बोलावून घेतलं होतं.

“तिकडची यादी फुगलीय म्हणतात. तुझ्याकडे देतो. तू त्यांच्यातला वाटतच नाहीस, म्हणून.”

एवढ्यावर हा हरभऱ्याच्या झाडावर चढला.

नावं काप असं कुणीही सांगितलं नव्हतं, हे मात्र खरं. नियम साधा होता. घरी तीन वेळा जायचं, तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर दारावर नोटीस चिकटवायची, आणि पंधरा दिवसांत कुणी कचेरीत आलं नाही तर नाव वगळायचं. बाकीचे कारकून शेजारी विचारत आणि ‘राहतात’ असं लिहून मोकळे होत. याने विचारलं नाही. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको! शिवाय फेऱ्या कचेरीच्या वेळेतच मारायच्या, हेही त्याने कसोशीने पाळलं. त्या वेळेला अख्खी गल्ली कामावर गेलेली असते, हे तिथेच वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एक्केचाळीस दारं बंद मिळाली.

त्यातलं एक मावशीचं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळी सातपासून चादरी धुवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. अलीकडच्या शाळेत त्याला घेईनात, तेव्हा कामाला दांडी मारून ती तीन दिवस शाळेच्या दारात उभी राहिली होती. कुणी बस म्हटलं नाही आणि ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव हजेरीपटावर चढलं.

“नाव नाहीये मावशी,” तो हळूच म्हणाला.

“असं कसं? इतकी वर्षं मत देतेय मी.” तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. “मग हे दाखव त्यांना. तूच दारावर चिकटवून गेला होतास ना? खालची रेघ बघूनच मी ओळखलं, आमच्या पोराचं काम.”

फूटपट्टीने कागद ओळखला. कोपऱ्यांना अजून खळ होती. तिने तो दारावरून किती जपून सोडवला असेल, ते दिसत होतं.

“वाचून नाही घेतलास कुणाकडून?”

“शेजारीण म्हणाली, वाचते. मी म्हटलं, राहू दे बाई, माझ्या भाच्याची चिठ्ठी आहे. तीन वर्षांनी दारात आला, मी नव्हते, म्हणून खुशाली लिहून गेला असेल. आता परत आला की तोच वाचेल.” ती हसली. “तू काही आला नाहीस. आता वाच.”

मागे रांग खोळंबली होती. शेजारच्या टेबलावरून साहेब बघत होते. फूटपट्टीला खोटं सुचेना, आणि खरं तर कागदावर त्याच्याच अक्षरात होतं. त्याने वाचलं. सदर मतदार तीन भेटींत पत्त्यावर आढळून आला नाही. पंधरा दिवसांत हजर न राहिल्यास नाव वगळण्यात येईल. खाली सही, सहीखाली रेघ.

मावशीला सगळे शब्द कळले असतील असं नाही. पण तिला कळायचं ते कळलं.

“तीनदा आला होतास?” तिने विचारलं. “मला वाटलं, एकदाच.”

त्याने हातातला कागद टेबलाच्या कडेशी सरळ जुळवला.

“रविवारी यायचंस रे. रविवारी मी घरीच असते.”

तिने कागद त्याच्या हातातून घेतला, जुन्या घड्यांवरच दुमडला आणि पिशवीत ठेवला. मागच्या बाईला “या, तुम्ही या” म्हणत ती बाजूला झाली आणि दाराकडे चालू लागली. चादरी पिळून पिळून तिचा उजवा खांदा खाली गेला होता. तो केव्हापासून गेला, हे त्याला माहीत नव्हतं.

“मावशी तुझी?” साहेबांनी विचारलं. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा! सख्ख्या मावशीलासुद्धा सोडलं नाही पठ्ठ्याने. असा माणूस पाहिजे.” आणि त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. “बस रे. दमला असशील.”

वीस वर्षांत साहेबांनी त्याला आपल्या शेजारी कधी बसवलं नव्हतं. पायांत बळच उरलं नव्हतं म्हणून बसलो, असं पुढे त्याने बायकोला कितीदा तरी सांगितलं.

दारातून मैदान दिसत होतं. पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर मावशी थांबली होती. गल्लीतली काही माणसं मत द्यायला येत होती, आणि ती त्यांना हात करून रांग कुठे आहे ते दाखवत होती.

तो खुर्चीवर बसून होता.