सर्वेच्या दिवशी एक चूल

सर्वेवाल्या श्रद्धा मॅडम यायच्या दिवशी आमच्या मजल्यावर सकाळपासून पळापळ असते. समोरच्या फ्लॅटवरची जितेश भाऊजींच्या नावाची पाटी काढायची, दाराला कुलूप ठोकायचं आणि कुंदाने, म्हणजे माझ्या जावेने, तिचे डबे माझ्या किचनमध्ये आणून रचायचे. सनी, माझा नवरा, पोरांना दम देतो, "समोर कोण राहतं विचारलं तर माहीत नाही म्हणायचं!"

हा सर्वे म्हणजे त्याच त्या घरांत दरवर्षी जाऊन कोण काय खातं, कमावतं, किती आजारी पडतं ते विचारायचं. आख्ख्या बेलवलीतून आमचंच घर का उचललं, देव जाणे. पण सासूबाईंनी, कौसाबाईंनी, ठरवूनच टाकलं की एकत्र कुटुंब म्हणून आपला मान केलाय. पुढे उल्हासनगरहून आणलेल्या कुकरवरून माझं आणि कुंदाचं वाजलं, चुली वेगळ्या झाल्या. सासूबाई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. पण सर्वेला कळता कामा नये, घराण्याचं नाक जाईल म्हणे.

यंदा माझं डोकं सटकलं. सगळे जेवायला बसलेले, मॅडमनी टॅब काढून नेहमीचं विचारलं, "एकाच चुलीवर जेवता ना?"

"नाही," मी म्हटलं. "समोरचं कुलूपवालं घर कुंदाचं आहे."

कुंदा आधी बघतच राहिली, मग म्हणाली, "हो ना मॅडम. दमलो आता आम्ही!"

मॅडम हसल्या. "अहो, मग सांगायचं ना! घर वेगळं झालं तरी आम्ही दोन्हीकडे येतो. त्यात काय एवढं?"

म्हणजे इतकी वर्षं आम्ही फुकट डबे वाहिले!

मॅडमनी टॅबवर दोन घरं केली, माणसं वाटली. मग त्यांचं बोट थांबलं. "आजींना कुठे टाकू?"

कुंदाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघे भाऊ पंख्याकडे बघत बसले. 'आमच्याकडे' असं कोणीच म्हणेना. मला स्वतःची लाज वाटली.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "खोटं बोलत्यात दोघी. आमी एकाच चुलीवर जेवतो. तुमच्या सायबाला पाठवा, बघू दे त्याला."

मॅडम गोंधळल्या. उत्तरं जुळली नाहीत की सुपरवायझर न कळवता तपासायला येतो, तेही जेवणाच्या वेळेला, एवढं सांगून त्या गेल्या.

आता म्हातारीला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं? तेवढा निगरगट्टपणा आमच्या कोणाच्यात नव्हता. कुंदाचे डबे माझ्याकडेच राहिले, तो येऊन जाईपर्यंत रोज सगळे इथेच जेवणार. भांडणंही चालू आहेत, कालच फोडणीवरून झालं.

सुपरवायझरचा अजून पत्ता नाही. जेवायची वेळ झाली की सासूबाई दारात जाऊन विचारतात, "आला का गं तो?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो आणि त्या सगळ्यांची ताटं मांडायला घेतात.