खऱ्या एकवर

मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. मित्रांनो, सायकल म्हटलं म्हणून लगेच रस्ता, घंटा आणि वारा डोळ्यांपुढे आणू नका. मला चाक एकच, आणि तेही जमिनीपासून वीतभर वर. आयुष्यभर माणसांनी मला दामटलं, पण जिथे ठेवली तिथून मी इंचभरही पुढे सरकले नाही. तरीही मला सांगण्यासारखं काही आहे. ते फारसं आनंदाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या, वर काळा रंग चढवला. शेवटी हँडलखाली एक गोल बटण बसवलं. त्यावर एकपासून आठपर्यंत आकडे. बटण पुढच्या आकड्यावर नेलं की चाकाभोवतीचा पट्टा आवळतो आणि पॅडल जड होतं. मागे आणलं की सैल. बटण ज्या दांडीवर बसतं तिच्यावर एक बारीक खूण असते. आकडे त्या खुणेशी जुळवून बसवावे लागतात, नाहीतर बटण दाखवणार एक आणि पायांवर पडणार भलतंच. ज्या बाईंनी मला जोडलं त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, केवढा हा काटेकोरपणा. आता त्यांची आठवण येते.

माझा पहिला मालक एक गोलमटोल तरुण होता. त्याने नवे बूट घेतले, नवी पाण्याची बाटली घेतली, माझ्यावर बसून स्वतःचा फोटो काढला. पंधरवड्याभरात त्याचा उत्साह मावळला आणि माझ्या हँडलवर ओले टॉवेल आले. पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा खोलीत जागा हवी म्हणून त्याने मला विकून टाकलं. तो वाईट नव्हता. त्याला व्यायाम झालेला हवा होता, करायचा नव्हता, एवढंच.

मग मी घड्याळवाल्या काकांकडे आले. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि घरात माणसंही दोनच, काका आणि काकू. काकांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली होती. दुकान बंद केलं तरी डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्या खिशात असायचंच. त्यांना एक सवय होती. जे काही उघडतील, त्याच्या झाकणाला आतून टोकदार हत्याराने एक बारीक रेघ मारायचे. हे आपण एकदा उघडलंय, याची ती खूण. घड्याळं तर झालीच, पण घरातला मिक्सर, रेडिओ, कुलूप, काहीही उघडून बघा, आत काकांच्या रेघा. काकू त्यांची थट्टा करायच्या. ‘‘बरं झालं माझं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. यांनी केलं असतं तर माझ्या हाडावर रेघ मारून ठेवली असती.’’

ते ऑपरेशन मांडीच्या हाडाचं होतं. काकूंची कबुतरं होती गच्चीवर. लाकडी खुराडं त्यांनी स्वतः ठोकलेलं. दिवस उजाडला की दाण्याचा डबा घेऊन त्या जिने चढायच्या आणि पुरेसं बोलून झाल्याशिवाय खाली यायच्या नाहीत. एकीला त्या टोपीवाली म्हणायच्या, एकाला लंगडा, आणि एक भांडकुदळ होता त्याला साहेब. काकांना पिसांनी धाप लागायची, म्हणून ते कधी वर गेले नाहीत. एकदा खुराडं धुताना काकूंचा पाय घसरला. हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली, आणि गच्चीवर जाणं तुटलं.

तेव्हापासून दाणापाणी सगळ्यात वरच्या मजल्यावरचे शिंपीभाऊ बघत होते. भला माणूस. खाली आले की खबर द्यायचे, ‘‘वहिनी, साहेबांनी आज माझी टोपी उडवली.’’ काकू हसायच्या आणि मग जिन्याकडे बघत राहायच्या.

काकूंना व्यायाम शिकवायला फिजिओ मॅडम यायच्या. मला आणायला त्यांनीच सांगितलं होतं. ‘‘मांडीत ताकद आली पाहिजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकपासून सुरू करा. दुखेल, पण सोसेल इतकं दुखू द्या. पाच जमायला लागलं की जिन्याचं बघू.’’

काकू पहिल्यांदा माझ्यावर बसल्या तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पॅडल अर्धं फिरलं आणि त्यांच्या तोंडून ‘‘आई गं’’ निघालं. मग दर फेरीला निघत राहिलं. पलीकडच्या खोलीत काका पेपर वाचत होते. मला ते दारातून दिसत होते. पेपर उलटत नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी कानांत बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या तेव्हा काका माझ्यापाशी आले. खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, माझं बटण उघडलं, पट्टा चांगला सैल केला, आणि बटण पुन्हा असं बसवलं की आकडा दिसावा एक. हात असा हलका की मला कळायच्या आत काम झालं. काकू आल्या, बसल्या, आणि पाय सहज फिरले. ‘‘अहो, आज कमी दुखतंय,’’ त्या म्हणाल्या. काकांचा चेहरा असा उजळला की मीही क्षणभर फसले.

पुढे हे सुरूच राहिलं. काकूंना वाटायचं, आता दोन जमेल. त्या दोनवर न्यायच्या, चेहरा कसनुसा व्हायचा, की दुसऱ्या दिवशी काका पुन्हा पट्टा सैल करून दोनचा आकडा समोर आणायचे. मग तीन, मग चार. आकडा चढत गेला, भार मात्र होता तिथेच राहिला. आयुष्यभर लोकांच्या घड्याळांची वेळ खरी करणाऱ्या माणसाने माझ्या तोंडून रोज खोटं बोलवून घेतलं.

फिजिओ मॅडमना शंका आली होती. मांडी दाबून बघत त्या म्हणाल्या, ‘‘आकडा छान आहे, पण ताकद तेवढी भरलेली वाटत नाही.’’ काका चटकन म्हणाले, ‘‘थंडीमुळे असेल. तुम्ही चहा घेणार ना?’’ मॅडमनी चहा घेतला. सांगून टाकायची ती चांगली वेळ होती, आणि ती चहाबरोबर गेली.

त्या सुमारास माझं मोठं कौतुक व्हायचं. काकू मला पुसायच्या, तेल द्यायच्या, कुणी भेटायला आलं की दाखवायच्या. ‘‘पाचवर आलेय मी,’’ असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. मित्रांनो, कौतुक कुणाला नको असतं? पण त्या कौतुकाने मला आतून लाज वाटायची.

मग एक दिवस शिंपीभाऊ जड पावलांनी आले. ‘‘वहिनी, मुलगा न्यायला येतोय. रविवारी निघतोय मी, कायमचा. कबुतरांचं काय करायचं? एक पाळणारे आहेत ओळखीचे. तुम्हाला वर येणं जमणार नसेल तर ते येऊन घेऊन जातील.’’

‘‘जमणार नसेल म्हणजे?’’ काकू म्हणाल्या. ‘‘रविवारी मी वर येते. तुमच्या हातून डबा घेते आणि तुम्हाला निरोप देते. कबुतरं कुठं जात नाहीत.’’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘अगं, एवढी घाई कशाला? मॅडमना विचारू.’’

‘‘पाच जमलं की जिन्याचं बघू, असं त्याच म्हणाल्या होत्या. तुमच्यासमोर.’’

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रविवारपर्यंत त्यांनी ते किती वेळा उघडलं आणि मिटलं, ते मी पाहिलंय. कधी म्हणाले, जिना धुतलाय, निसरडा असेल. कधी म्हणाले, आभाळ भरून आलंय. खरं तेवढं म्हणाले नाहीत. एका वाक्याचं काम होतं. काकू रागावल्या असत्या, आठवडाभर बोलल्या नसत्या, आणि मग एकपासून सुरुवात केली असती.

रविवारी काकूंनी वेणी घातली, काठी घेतली आणि निघाल्या. ‘‘मागे मागे येऊ नका. पिसं उडत असतील, तुम्हाला त्रास होईल,’’ असं काकांना बजावून गेल्या. काका दारात उभे राहिले, एक हात माझ्या सीटवर ठेवून. आम्ही दोघं ऐकत होतो. काठी, पाऊल, काठी, पाऊल. पहिला जिना झाला. वरून काकूंचा आवाजही आला, ‘‘जमतंय हो.’’ दुसऱ्या जिन्यावर पावलं सावकाश झाली. मग थांबली. मग काठी एकटीच पायऱ्यांवरून खडखडत खाली आली.

या वेळी दुसऱ्या पायाचा खुबा मोडला.

काकू दवाखान्यातून परत आल्या त्या स्ट्रेचरवरून. शिंपीभाऊ त्यांच्यासाठी थांबले होते. कबुतरं न्यायला माणूस आला तेव्हा काकू म्हणाल्या, दार उघडं ठेवा. दोन पिंजरे दारासमोरून बाहेर गेले. साहेब आत चोची मारत होता, टोपीवाली कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. काकूंनी त्यांना हाक मारली नाही. पिंजरे दिसेनासे झाल्यावर म्हणाल्या, ‘‘भाऊ, माझे पायच दगाबाज निघाले. पाचवर चालवत होते मी, तरी ऐन वेळी दगा दिला.’’

काका माझ्याजवळच उभे होते. तेव्हाही ते मूग गिळून बसले. मित्रांनो, पट्टा सैल केला त्याचं मी समजू शकते. त्यात माया होती. पण आपल्या बायकोला स्वतःच्या पायांना दोष देताना ऐकायचं आणि गप्प राहायचं, याला मी काय म्हणू? मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते.

नंतर मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर पुन्हा टॉवेल आले, चादरी आल्या, काकांचे सदरे आले. काकू हळूहळू वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला लागल्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता जिना नाही. कधीच नाही. काका भांडी घासायचे, केर काढायचे, काकूंचे पाय चेपायचे, आणि दोघांमधलं बोलणं दिवसेंदिवस कमी होत होतं.

एकदा दुपारी काकूंनी माझ्या हँडलवरचा टॉवेल ओढला. तो बटणात अडकला होता. स्क्रू इतक्या वेळा काढून घातलेला की त्याचे आटे झिजले होते. बटण निघून काकूंच्या पायाशी पडलं. वॉकरला धरून त्या कशाबशा वाकल्या, ते उचललं, बसवायला म्हणून उलटं केलं.

बटणाच्या आत बारीक रेघा होत्या. एकीशेजारी एक, नीट ओळीने. हात सवयीचा होता, गुन्हा करतानाही रेघ मारायचं विसरला नव्हता.

काकूंनी रेघांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी हाक मारली, ‘‘अहो.’’

काका आले. काकूंच्या तळहातावरचं बटण त्यांनी पाहिलं आणि तिथेच खाली बसले.

‘‘कधीपासून?’’

‘‘दुसऱ्या दिवसापासून.’’

‘‘का?’’

‘‘तू कण्हायचीस,’’ काका म्हणाले. ‘‘मला ऐकवत नव्हतं.’’

‘‘तुम्हाला ऐकवत नव्हतं.’’ काकूंचा आवाज चढला नाही. ‘‘आणि मी इतके दिवस या पायांना शिव्या घालत बसले. रात्रंदिवस. तेही ऐकत होतात ना?’’

काका रडले. काकूंनी त्यांना उगी केलं नाही.

पुढचे काही दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मग एका सकाळी काकू माझ्यापाशी आल्या, माझ्यावरचे कपडे एकेक करून खुर्चीवर ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘बटण नीट बसवा. खऱ्या एकवर.’’

‘‘अगं, पण आता वर तर...’’

‘‘कबुतरं गेली, गच्ची गेली, ठाऊक आहे मला. पण मला किती जमतं, ते मला कळू दे. आणि तुम्ही इथेच बसायचं. समोर. कानांत बोटं घालायची नाहीत.’’

काकांनी भिंग लावलं, दांडीवरची खूण शोधली, नवा स्क्रू घातला. या वेळी आत रेघ मारली नाही. काकूंना आधार देऊन माझ्यावर बसवलं आणि स्टूल ओढून समोर बसले. पॅडल अर्धं फिरलं. ‘‘आई गं.’’ काकांचा हात आपोआप माझ्या बटणाकडे आला. काकूंनी नुसतं पाहिलं. हात हवेतच थांबला, मागे गेला, आणि काका तो मांडीखाली दाबून बसले. एक पूर्ण फेरी झाली. दुसरी झाली नाही. काकू घाम पुसत म्हणाल्या, ‘‘एक. उद्या बघू.’’

मित्रांनो, मला तेल द्या, पुसा, उन्हापावसात ठेवू नका, हे मी मागायला हवं. पण ते राहू दे. तुमच्या घरात कुणी दुखणाईत असेल, आणि त्याचं कण्हणं तुम्हाला ऐकवत नसेल, तर त्याच्याजवळ बसा, हात धरा, हवं तर त्याच्याबरोबर रडा. त्याचा आकडा मात्र खोटा करू नका. एवढं ऐकलंत, तर पुढे माझ्यावर टॉवेल वाळत घातलेत तरी माझी काही तक्रार नाही.