मालदीवचा ठिपका

मी एक जुना जगाचा नकाशा आहे. मित्रांनो, ‘जगाचा’ हा शब्द मी जरा ठासून म्हणतो. तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नकाशे आमच्या शाळेत पुष्कळ आले, फाटले आणि चुलीतही गेले. जग मात्र एकट्या माझ्याकडे होते. पाठीला जाड कापड, वर-खाली सागवानी दांडे, आणि उलगडला की अख्खा फळा झाकीन एवढी माझी रुंदी. थोडा गर्व आहे मला, लपवत नाही. ज्याच्या अंगावर सगळे महासागर आहेत त्याने मान खाली घालून का राहावे?

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका छापखान्यात झाला. एकेक रंग वेगळा छापत. कागद केसभर सरकला तर एका देशाची जमीन दुसऱ्याच्या घशात जायची. तिथला म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून माझे सगळे अंग तपासत होता. लक्षद्वीपच्या खाली आल्यावर तो थांबला. तिथे समुद्रात काही बारीक ठिपके होते. शेजारच्या माणसाला तो म्हणाला, “शाई कमी पडली की पहिले हे जातात. यांच्याकडे नीट बघत जा.” आणि त्याने मला पुन्हा यंत्रातून काढले. त्या वेळी मला त्याचा राग आला. एवढे मोठमोठे देश अंगावर असताना हा ठिपक्यांसाठी खोळंबतो काय, असे वाटले.

खर्डी स्टेशनवर मला उतरवून घ्यायला काळूराम गुरुजी आले होते. तिथून कुड्याच्या पाड्यापर्यंत त्यांनी मला खांद्यावरून नेले, नदी ओलांडताना डोक्यावर धरले. पाड्यावर पोहोचलो तर निम्मा पाडा शाळेच्या पडवीत जमलेला. लोकांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, आपला पाडा कुठं हाय?” गुरुजींनी छडीचे टोक भारतावर टेकवले आणि म्हणाले, “इथंच. दिसत नाही, पण आहे.” मग रोज ते टोक तिथे टेकत गेले. इतके, की पाच-सहा वर्षांत आमच्या मुलखाच्या जागी नुसते कापड दिसू लागले. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, “नकाशा वापरात आहे, हे दिसतेच आहे.” ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. शाळेत विजेवर चालणारा पडदा आला, त्यावर बोट लावले की जग गरगर फिरते. माझी रवानगी खिचडीच्या खोलीत झाली. तिथल्या खिडकीला दार नव्हते, म्हणून मला पडद्यासारखे टांगले. मित्रांनो, मी जगाचा नकाशा, आणि काम काय, तर उन्हाची तिरीप अडवायची! धुराने माझे समुद्र काळवंडले. उंदराने अंटार्क्टिकाचा एक कोपरा खाल्ला. माशा तर जिथे जागा मिळेल तिथे बसून आपली खूण ठेवून जात. शेवटी शाळेच्या नव्या शिक्षिका चंदा बाईंनी टाकाऊ वस्तूंची, म्हणजे निर्लेखनाची, यादी केली तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकले, “जुना नकाशा, नग एक, निरुपयोगी.” त्या दिवशी मला रडता आले असते तर फार बरे झाले असते.

चंदा बाई वाईट नव्हत्या बरे का. एकवीस मुले, दोन शिक्षक, आणि ढीगभर कागद. त्यांना माझ्याकडे बघायला वेळ कुठला?

मग गेल्या साली शहापूरला दोन तालुक्यांतल्या शाळांची जागतिक सभा भरायची ठरली. शहापूर आणि मुरबाड मिळून तेवीस शाळा. प्रत्येक शाळेने एक देश व्हायचे आणि त्याच्या वतीने बोलायचे. शहापूरच्या सभागृहात चिठ्ठ्या उचलल्या. तिथल्याच मोठ्या शाळेला ‘मोठा देश’ मिळाला. कुणाचे मन दुखायला नको म्हणून त्याचे नावच ठेवले नव्हते. आमच्या सातवीतल्या हर्षालीने चिठ्ठी उघडली, त्यात ‘मालदीव’. सभागृहात कुणीतरी फिस्कन हसले. ती पाड्यावर परत आली ती गाल फुगवूनच.

“बाई, आपल्याला मुद्दाम बारका देश दिला,” ती म्हणाली.

“आधी कुठे आहे ते तर बघू,” बाई म्हणाल्या, आणि पडदा लावायला गेल्या. नेमकी लाइट गेलेली होती. पाड्यावर लाइट गेली की दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. बाईंना मी आठवलो. कित्येक वर्षांनी मला खिडकीवरून काढून पडवीत अंथरले. माझ्या अंगावर ऊन पडले आणि मुलांची डोकी वाकली, तेव्हा मी काय सुखावलो म्हणून सांगू!

हर्षाली लक्षद्वीपच्या खाली बोट नेऊन मोजू लागली. “बाई, तेवीस बेटं हायेत.” वहीत लिहूनही टाकले. तिचा आजा लखमा मोळी टाकून तिथे विसावला होता. त्याने वाकून पाहिले, बोट जिभेला लावले आणि एका ठिपक्यावर घासले. ठिपका गेला. दुसरा गेला, तिसरा गेला.

“आजा, देश पुसतोस काय!” हर्षाली ओरडली.

“देश कसला गो? माशांची घान हाय ही,” लखमा म्हणाला. पोरे लोळून हसली. लखमा पुसतच राहिला. पण शेवटी काही ठिपके असे उरले, की बोट घासून लाल झाले तरी ते हलेनात. “हे जात नाय,” तो म्हणाला. “हे खरे दिसतात.” मला त्या भिंगवाल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. त्याने दुसऱ्यांदा दिलेली शाई टिकली होती.

मग बाईंनी मुलांना मालदीव समजावला. सुमारे बाराशे बेटे, त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. बहुतेक जमीन समुद्रापासून माणसाच्या उंचीइतकीही वर नाही. सैन्य थोडे, समुद्र अफाट. एकदा तर हत्यारबंद टोळी समुद्रावरून आली आणि राजधानीत घुसली होती. तेव्हा भारताचे जवान मदतीला धावून गेले होते. चोरून मासे पकडणारे येतात, मोठ्या देशांच्या जहाजांना जवळच थांबा हवा असतो, आणि वरून समुद्राचे पाणी चढते आहे. हर्षालीचे गाल आता फुगलेले नव्हते.

सभेचा प्रश्न लेखी आला होता. मोठा देश म्हणतो, ‘आमची लढाऊ जहाजे तुमच्या बेटावर कायमची ठेवू द्या. तुमचे रक्षण आम्ही करू.’ मालदीवने काय उत्तर द्यावे? त्यावर सगळ्या शाळा मत देणार. हर्षाली आठ दिवस त्या प्रश्नाशी झगडली. होकार द्यावा तर आपण दुसऱ्याच्या मुठीत. नकार द्यावा तर टोळी आल्यावर करायचे काय? पाठ करण्यासारखे उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हते. आणि ती चुकली असती, तर ते फिस्कन हसणे पाड्याच्या शाळेला जन्मभर पुरले असते.

उत्तर सापडले ते लखमाकडे. माझ्या फाटलेल्या कडेला तो दाभणाने गोणपाटाची पट्टी शिवत होता. हर्षालीने प्रश्न वाचून दाखवला तसा तो शिवायचा थांबला.

“ह्ये तं माझंच झालं व्हतं,” तो म्हणाला.

मित्रांनो, आमच्याकडे भाताच्या लावणीला एका घराची माणसे पुरत नाहीत. म्हणून आज सगळे मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. याला सावड म्हणतात.

“एका साली मी लय शाना झालो,” लखमा सांगू लागला. “धा घरं कोन फिरल, म्हनून मानसं नि बैल समदं एकट्या जयराम पाटलाकडून घेतलं. त्याचं घर मोठं. एका दिसात लावनी आटपली. मंग त्याचे दिस फेडाया धा दिस आमी त्याच्या शेतात. मधीच माझा बांध फुटला, रोपं वाहून चालली, तरी जायाला सवड नाय. आन दुसऱ्या साली बाकीच्या घरांनी मला बोलावलंच नाय. म्हनले, तू तं पाटलाचा झालास.”

“पाटील वाईट व्हता का रे आजा?”

“नाय गो. मानूस चांगला. पन सावड एकाच घराची घेतली की ती सावड राहत नाय, चाकरी व्हते.”

हर्षालीने माझ्यावरच्या ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवले. मग वही काढून लिहायला लागली.

सभेला लखमाने मला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले. खर्डीपर्यंत पायी, तिथून जीपने शहापूर. सभागृहात सगळीकडे चकचकीत पडदे, आणि भिंतीवर मी, गोणपाटाची कड लावलेला. मला लाज वाटत होती, खोटे कशाला बोलू?

मोठ्या देशाच्या वतीने स्वरूप नावाचा मुलगा उठला. मुलगा तयारीचा होता. आवाज खणखणीत, हात कुठे हलवायचा तेही ठाऊक. “तुमच्याकडे सैन्य नाही, पैसा नाही. सिक्युरिटी आम्ही देतो, बदल्यात फक्त जागा मागतो. यात तुमचाच फायदा आहे,” तो म्हणाला. बोलता बोलता त्याचे लक्ष माझ्याकडे गेले आणि त्याला हसू आले. “आणि मालदीवच्या प्रतिनिधींनी नकाशा तरी नवा आणावा. यावर सोव्हिएत युनियन आहे! तो देश फुटून पंधरा देश झाले, त्याला तीस वर्षं होऊन गेली.”

सभागृह खदखदून हसले. चंदा बाईंनी मान खाली घातली. मला वाटले, खिचडीच्या खोलीतली खिडकी यापेक्षा बरी होती.

हर्षाली उठली. पहिले दोन शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत. मग ती माझ्याजवळ आली आणि तिने तळहात माझ्या वरच्या अंगावर टेकवला.

“खरं आहे. हा यावरचा सगळ्यात मोठा देश. तो आज नाय.” हात खाली सरकला. “आणि हा मालदीव. यावरचा सगळ्यात बारका ठिपका. तो आज आहे. मोठं असलं म्हणजे टिकतंच, असं नाय.”

हसू थांबले. मित्रांनो, चाळीस वर्षांत माझ्या जुनेपणाची कुणी अशी कदर केली नव्हती.

मग तिने सावड सांगितली. “आमी मदत नको म्हणत नाय. आमचा समुद्र आमीच आधी राखणार, आमच्या होड्या पाळीनं फिरणार. पण आमी थोडे आहोत. म्हणून शेजारच्या सगळ्या देशांनी आपापल्या पाळीला यावं, आणि त्यांच्यावर वादळ आलं तर आमी जाणार. मोठ्या देशानंही यावं, त्याचं स्वागत आहे. पण पाळीला यावं, मुक्कामाला नाय. तुमची जहाजं कायमची राहिली, तर तुमचं ज्याच्याशी वाकडं, त्याचं आमच्याशीही वाकडं होणार. आणि आमचा बांध फुटला, तर आमी तुमच्या शेतात असणार.”

शेवटचे वाक्य तिच्या वहीत नव्हते. पण त्या सभागृहातल्या निम्म्या मुलांच्या घरी लावणी होते. बांध फुटणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मते मोजली. मोठी शाळा असो की छोटी, प्रत्येकीला एकच मत. भूतान झालेली मुरबाडकडची शाळा सगळ्यांच्या आधी हात वर करून मोकळी झाली होती. मालदीवच्या बाजूने चौदा, विरुद्ध नऊ. लखमा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने घोंगडीने डोळे पुसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितले, “नात हाय माझी.” उत्तम भाषणाचे बक्षीस स्वरूपला मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण ठराव आमचा मंजूर झाला.

सभा संपल्यावर स्वरूप माझ्याजवळ आला. “यातला मालदीव नक्की कुठला?” त्याने हर्षालीला विचारले. “सगळी घाणच दिसतेय.” त्याने सहज रुमालाचे टोक ओले केले आणि ठिपक्यांवरून फिरवले. एकदा घासले, दोनदा घासले. मग रुमाल उलटा करून पाहिला. तो स्वच्छ होता.

“जात नाही हा,” तो म्हणाला.

“नायच जाणार,” हर्षाली म्हणाली. “देश हाय तो.”

परत आल्यावर चंदा बाईंनी यादीतल्या माझ्या नावावर लाल रेघ मारली. आता मी पडवीच्या भिंतीवर असतो. अंटार्क्टिकाला कोपरा नाही, आमच्या मुलखाच्या जागी कापड आहे, आणि माझ्यावरचा सगळ्यात मोठा देश जगात नाही. तरी माझ्याइतका ताठ नकाशा तुम्हाला दोन तालुक्यांत सापडायचा नाही.

मित्रांनो, या म्हाताऱ्या नकाशाचे एक मागणे आहे. माझ्यासारख्याला खिडकीला टांगू नका, धुरात ठेवू नका. आणि कुठल्याही नकाशावर बारीक ठिपका दिसला, तर त्याला घाण म्हणण्याआधी बोट ओले करून पुसून पाहा. जो ठिपका जात नाही, तिथे कुणाचे तरी घर असते.