दोनशे दहावा

कायगावला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, त्या साली पाणी नव्हतं, म्हणून दहाव्याच्या विधीसाठी आम्ही पुंडलिकनगरहून पाण्याचा जार नेला. गंगेवर जाताना घरून पाणी नेणारी आमची पहिलीच पिढी असावी.

विधी माझ्या नातीचा, सईचा. वय सतरा. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. आम्ही ते पिंपात जपून साठवलं, डासांनीही जपून वापरलं. डेंग्यूला पाच दिवस पुरले.

पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. दुष्काळात उपाशीपोटी इतका संयम मी माणसांतही पाहिला नाही. माझा मुलगा विश्वजित हात जोडून म्हणाला, "सई, तुझ्या आईला जपेन." कोणी हललं नाही. "तुझी पुस्तकं कुणाला देणार नाही." तरी नाही. गुरुजी घड्याळ बघू लागले.

मग मी पुढं झालो. रोज संध्याकाळी हातातल्या राक्षस पकडायच्या खेळाच्या यंत्रावर वाकून ती म्हणायची, "आजोबा, एकच राहिलाय." तेवढंच आठवलं.

"सये, तुझा राहिलेला राक्षस मी पकडतो."

कावळा उतरला. चाळीस वर्षांत गुरुजींनी असला शब्द देताना कुणाला ऐकलं नव्हतं, पण पिंडाला चोच लागली होती. शास्त्राची हरकत नव्हती.

तर अडुसष्टाव्या वर्षी मी जपानी खेळ शिकायला बसलो. शिकवायला सईची मैत्रीण श्रेया. गंगापूरची पोर, कॉलेजसाठी शहरात राहणारी. दर रविवारी यायची.

"आजोबा, पाण्याच्या राक्षसावर पाणीच मारताय व्हय? त्याला काय होणारंय? विजेचा सोडा!"

"आमच्या गल्लीत दोन्ही नसतं, पोरी. सवय नाही."

खेळ तसा सोपा. गवतात फिरायचं, राक्षस दिसला की त्याला दमवायचं आणि डबीत धरायचं. फार दमवला तर हातचा जातो. किती दमवायचं हे कळायला मला महिना लागला. लढाया जिंकत गेला की राक्षस वाढतो, रूप पालटतो. जखमी झालेल्यांसाठी प्रत्येक गावात दवाखाना. आत नेलं की एक घंटा वाजते आणि सगळेच्या सगळे बरे होऊन बाहेर येतात. त्या दवाखान्यात मी गरज नसतानाही जायचो.

यादीत दोनशे दहा राक्षस, सईचे झालेले दोनशे नऊ. शेवटचा कुठल्या गवतात मिळतो असं विचारलं तेव्हा श्रेयानं मान हलवली.

"तो गवतात नाय मिळत. तो तुमच्याकडंच हाय. ढेमसा."

ढेमसा म्हणजे सईचा पहिला राक्षस. गोल, हिरवा, तिच्या मागून उड्या मारत येणारा. नाव तिनंच ठेवलेलं.

"लढून नाय, दुसऱ्याला दिला तरच तो मोठा होतो. ते मोठं रूपच दोनशे दहावं," श्रेया म्हणाली. "द्यायचा, परत घ्यायचा, झाली यादी पुरी."

"मग तिनं का नाही दिला?"

"मी लई मागं लागले तिच्या, दोन वर्षं. म्हणायची, मोठा झाला की उड्या नाय मारत. मग कशाला?"

म्हणजे 'एकच राहिलाय' ही तक्रार नव्हती. ती खुशीत सांगत होती. आणि मी नदीकाठी शब्द देऊन बसलो होतो.

"नका देऊ, आजोबा. कावळ्याला काय कळतंय?"

"शब्द कावळ्याला नाही गं दिला. तिला दिला. तिचं काही अडून राहायला नको."

श्रेयानं आपलं यंत्र शेजारी धरलं. माझ्या पडद्यावर प्रश्न आला: ढेमशाला निरोप द्यायचा? हो की नाही? मी हो दाबलं. तो टुणकन डबीत गेला. श्रेयाच्या पडद्यावर पांढरा उजेड झाला, आणि त्यातून बाहेर आला तो उंच, शिंगांचा, एखाद्या हेडमास्तरासारखा गंभीर. खाली लिहिलेलं: मूळ मालक, सई.

श्रेयानं तो लगेच परत पाठवला. दोनशे दहा. यंत्रानं बाजा वाजवून अभिनंदन केलं.

मी पडद्यावर चार पावलं चालून पाहिलं. तो मागून आला. शिस्तीत, एकेक पाय टाकत.

"श्रेया, परत लहान करायचं बटण कुठलं?"

"नसतं, आजोबा."

"नीट बघ ना. काहीतरी असेल."

तिनं यंत्र माझ्या हातातून घेतलं, आणि सगळं माहीत असूनसुद्धा एकेक बटण दाबून बघत बसली.