डायोडवाल्या भाऊंची भरभराट

डायोडमधून वीज एकाच दिशेने जाते, तसं भाऊंचं बोलणं. बाहेर यायचं, पण दुसऱ्याचं आत काही शिरायचं नाही. हा विनोद इतका जुना होता की नव्या माणसांना तो भाऊच सांगायचे.

कंपनीचे धंदे दोन. नव्या इमारतीत स्क्रीन चालवणाऱ्या चिप बनत, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. तिथे भाऊंची लेक होती. जुन्या इमारतीत कणीएवढे सुटे डायोड आणि ट्रान्झिस्टर. तिथल्या तपासणीचे मुकादम भाऊ. तिथली निम्मी यंत्रं कधीपासून झाकलेलीच. डिस्प्लेकडे बदली हवी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव द्या, असा वरून निरोप आला, तेव्हा बहुतेकांनी दिलं. भाऊंनीही दिलं, एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून.

आणि त्याच आठवड्यात ऑर्डरींचा पूर आला. झाकलेली यंत्रं उघडली, दुसरी पाळी सुरू झाली. भाऊंना आभाळ ठेंगणं झालं.

"बाबा, नाव मागे घेऊ नका हं," लेक जेवताना म्हणाली. "नवीन वस्तूत बसवून बघायला नमुने कोणी मागितलेत का? सगळे जुनाच माल मागतायत. मला हे बरं दिसत नाही."

"तुम्हा डिस्प्लेवाल्यांचं सगळं दिसण्यावरच! आमचा डायोड कुणाला दिसत नाही, पण तो नसला की तुमचा पडदा काळा."

भाऊंनी नाव मागे घेतलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते प्रत्येकाला समजावत फिरले. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला.

"भाऊ, घरात मी एकटी कमावती. उद्या काही झालं तर?"

"वहिनी, मी आहे ना!"

वहिनींनी नाव मागे घेतलं. मग बाकीच्यांनीही.

सोमवारी जुन्या गिऱ्हाइकाच्या खरेदीवाल्याचा फोन आला. "भाऊ, डायोडची शेवटची रिळं जरा नीट बांधा हं. आम्हाला वर्षानुवर्षं पुरवायचीत."

"शेवटची?"

"अहो, तुमच्याच कंपनीनं कळवलं ना, माल बंद होतोय, लागेल तेवढा एकदाच घेऊन ठेवा म्हणून. त्याचीच तर झुंबड आहे. तुम्हाला नाही सांगितलं?"

सांगितलं असतं तर यंत्रं कोणी चालवली असती? दुसऱ्या कंपन्यांचा माल बंद होताना भाऊंनी स्वतः असेच साठे करून घेतले होते. पण तेच आपल्या दारात आलं, आणि त्यांनी त्याला भरभराट म्हटलं. विझताना दिवा मोठा होतो, हे पोरालाही ठाऊक असतं.

त्यांनी लेकीला फोन केला. "जागा शुक्रवारीच भरल्या, बाबा," ती म्हणाली. रागावली नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

विभागात यंत्रांचा खडखडाट चालू होता. कोणीतरी शीळ घालत होतं. वहिनींनी डोळे वर केले.

"भाऊ, तिसरी पाळीही सुरू होणार म्हणे. खरं का?"

"हो."

"बरं झालं बाई, तुमचं ऐकलं," म्हणत वहिनी पुन्हा कामावर वाकल्या.

भाऊंनी जवळचं एक रीळ उचललं आणि नीट बांधायला घेतलं.