रुपालीचं नाव यादीत नाही

मी सुडो. तोंड वाकडं करू नका, हे नाव मी ठेवलेलं नाही. कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायची जी काळी खिडकी असते, तिच्यात बसून मी दारवानाचं काम करतो. कुणी नवा प्रोग्रॅम बसवायला आलं की आधी पासवर्ड विचारतो, मग यादी बघतो. यादीत नाव असेल तर या, नसेल तर चालू लागा. माझ्यासारखा उद्धट नोकर दुसऱ्या कुठल्या धंद्यात आठवडाभरही टिकला नसता.

माझी नेमणूक काष्टीत कानिफनाथ मामांच्या दूध डेअरीत झाली. त्यांचा मुलगा सुनील सुप्याच्या कंपनीत कामाला. त्यानं सुट्टीत येऊन कॉम्प्युटर बसवला आणि यादीत एकच नाव घातलं, वडिलांचं. घराचा उतारा मामांच्या नावावर, गॅस मामांच्या नावावर, दारातल्या कोंबड्यांना विचारलं असतं तर त्यांनीही मामांचंच नाव सांगितलं असतं. मग मी तरी कसा सुटणार?

कॉम्प्युटर चालवायची मात्र सुनीलची बायको, रुपाली. दुधाचं वजन, फॅट, पावत्या, सगळं तिच्याकडे. नवीन काही बसवायचं झालं की सासऱ्यांना हाक मारायची. मामा यायचे, खांद्यावरचं उपरणं कीबोर्डवर आडवं धरायचे आणि एका बोटानं पासवर्ड टाकायचे. टाकलेली अक्षरं मी दाखवत नाही, माझी पद्धतच तशी. मामांना वाटायचं बटण लागलंच नाही, म्हणून ते प्रत्येक बटण दोनदा दाबायचे. मग मी "चूक" म्हणायचो आणि ते मला शिव्या द्यायचे. त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

परवा मामा नेवाशाला लग्नाला गेले आणि नेमकं त्याच दिवशी फॅटचं जुनं मशीन बंद पडलं. नवं आलं, पण ते कॉम्प्युटरशी बोलेना. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम बसवायला हवा होता. रुपालीनं आज्ञा टाइप केली. मी पासवर्ड विचारला. तिनं स्वतःचा दिला, अगदी बरोबर. मी यादी बघितली आणि ठोकून दिलं, "तुमचं नाव यादीत नाही. हा प्रकार वर कळवला जाईल."

वर म्हणजे कुठं, तर कॉम्प्युटरमधल्या मामांच्या टपालपेटीत. ती त्यांनी जन्मात उघडलेली नाही.

बाहेर किटल्या घेऊन माणसं ताटकळली होती. समोरचा डेअरीवाला हात करून बोलवत होता, दोघं-तिघं गेलेही. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे रुपालीला माहीत होतं. तिनं मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मामा, पासवर्ड सांगा. मशीन अडलंय."

"उद्या बघू की. हितं समदे पाव्हणे हायेत."

"उद्यापर्यंत दूध नासंल, मामा. लोकं समोर चाललीत."

रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आक्काबाई फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "कानिफनाथ, राबती ही, अन् किल्ली तुज्या खिशात नेवाशाला. ही कुठली रीत रं?"

फोनमधला बँडचा आवाज लांब गेला. मग मामा दबक्या आवाजात बोलले, "कानिफनाथ. फुडं एक दोन तीन चार."

"एवढंच व्हय?" आक्काबाई म्हणाल्या. "ह्याच्यासाठी उपरणं धरीत हुतास?"

सगळी रांग हसली. खरं सांगतो, लाज मला वाटली. इतके दिवस छाती पुढे काढून मी ज्याची राखण केली, तो पासवर्ड गावातल्या शेळीनंही ओळखला असता.

रुपाली मामांच्या नावानं आत आली. प्रोग्रॅम बसला, मशीननं आक्काबाईंच्या दुधाचा फॅट दाखवला. आता ती फोन ठेवणार, असं मला वाटलं. पण तिनं ठेवला नाही.

"मामा, यादीत माझं बी नाव घालू का?"



"घाल. माझं बी ऱ्हाऊ दे, मंजी झालं."

तिनं एक ओळ लिहिली. त्या घरात तिच्या नावावर झालेली ती पहिली गोष्ट. मला फार बरं वाटलं, उगाच लपवत नाही.

तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी दारात बसला असेल, तर एवढं ऐका. त्याची यादी एकदा उघडा आणि काम कोण करतं, नाव कुणाचं आहे, ते बघा. आम्हाला ती स्वतःहून बदलता येत नाही.

मामांचा पासवर्ड गावभर झाला होता, म्हणून रुपालीनं तो लगेच बदलला. नेवाशाहून परतलेले मामा उपरणं सावरत दारात उभे राहिले.

"रुपाली, माझा नवा पासवर्ड काय ठेवलास गं?"

ती दूध मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या बघू की, मामा."